लष्करचा घेवडा

आजीनं पेणहून लष्करला येताना सोबत काय काय आणलं, ते आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं: दोन लुगडी, एक पितळी डबा, वडिलांनी दिलेली पोथी आणि पदराच्या गाठीत मूठभर घेवड्याचं बी. साल १९३१. धरमतरहून बोटीनं मुंबई, तिथून जी.आय.पी.च्या गाडीनं इटारसी, भोपाळ, झाशी करत ग्वाल्हेर. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. बी काळं कुळकुळीत आणि त्याच्या एका कडेला पांढरीशुभ्र जाड रेघ. लहानपणी मला ती रेघ म्हणजे मिटलेली पापणी वाटायची. त्याच बियाचा वंश आज माझ्या स्वयंपाकघरात त्याच पितळी डब्यात, चाळलेल्या राखेत आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचा इतिहास लिहिला जातो तो महादजींच्या मोहिमांचा, जयविलास महालाचा, ख्यालगायकीचा, राजकवी तांब्यांचा. तो लिहिला जावाच. पण त्या वाड्यांच्या परसात काय पिकत होतं आणि पिकवणाऱ्या बायकांना काय उमगलं होतं, त्याचीही नोंद व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. घेवड्याबद्दल मला जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं तरी परसातलं आहे.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ दिला. पुढे तंबू उठले, दगडी भिंती उभ्या राहिल्या, पण गावाचं नाव लष्कर हेच राहिलं. शितोळे, आंग्रे, फाळके असे सरदार आले, त्यांच्यामागून कारकून, पुराणिक, वैद्य, गवई, आचारी आले. मराठी वाडा इथल्या तोंडी बाडा झाला. गावाच्या मधल्या चौकाला आजही महाराज बाडाच म्हणतात. आणि घेवड्याला म्हणतात सेम.

हा वेल मराठी लोकांनी इथे आणला असं मात्र कुणी समजू नये. तो इथे होताच. संस्कृतातल्या शिंबीवरून सेम आली, आणि निष्पाव या नावानं त्याचा दाणा चरकसंहितेत आहे. दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या राखेत साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे त्याचे जळके दाणे सापडले आहेत. उलट आपण ज्याला श्रावणघेवडा किंवा फरसबी म्हणतो, ती अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर युरोपीय लोकांबरोबर जगभर गेली. तिनं आपल्याकडे येऊन नाव मात्र जुन्या घेवड्याचं घेतलं. आजी दोघांना कधी एका टोपलीत ठेवत नसे. पावटाही घेवड्याचाच सख्खा भाऊ, पण तोही वेगळा. ती नखानं शेंग उकलून दाखवायची: पावट्याचा दाणा शेंगेत आडवा बसतो, घेवड्याचा शेंगेच्या लांबीला धरून निजतो. पावटा सोलला की बोटांना तेलकट वास राहतो, घेवड्याला तो तसा नसतो. पुढे हाच फरक मी पाठ्यपुस्तकात वाचला तेव्हा मला ते पान आजीचंच वाटलं.

तेव्हा मराठी बायकांनी इथे आणलं ते नवं झाड नव्हे, आपापल्या गावचं वाण आणि त्याच्यासोबतचं पंचांग. घोटाळा झाला तो पंचांगाचा.

कोकणात वेलभाज्यांची आळी अक्षय्य तृतीयेला घालायची रीत आहे. पेणला तेव्हा उकाडा असला तरी हवेत खाडीचा ओलावा असतो, आणि महिन्याभरात पाऊस येतो. आजीनं १९३२ च्या अक्षय्य तृतीयेला परसात आळं केलं, हळद-कुंकू वाहिलं आणि बी टोचलं. पाचव्या दिवशी जाड दोन पानं घेऊन कोंब वर आले. मग लू सुटली. ज्यांनी लू पाहिलेली नाही त्यांना ती सांगणं अवघड. पारा ४५ च्या वर जातो, पश्चिमेकडून वारा येतो आणि तो डोळ्यांतलं पाणीसुद्धा सुकवतो. त्यात आमच्या वाड्याचं छत ग्वाल्हेरच्या दगडी पटियांचं, भिंतीही दगडी. मध्यरात्रीपर्यंत त्यांतून धग यायची. दहा दिवसांत कोंब भाजलेल्या पापडासारखे झाले. पुढच्या वर्षी तिनं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, वर सुपांची सावली केली. तेही गेले. मूठभर बियांतले नऊ दाणे उरले.

त्या नऊ दाण्यांसाठी ती रडली होती, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. माहेरच्या वस्तूंपैकी जिवंत अशी ती एकच होती.

मुरारच्या बाजूच्या मळ्यातून भाजी घेऊन एक बाई दारावर यायच्या. त्यांनी जळलेलं आळं पाहिलं आणि म्हणाल्या, "बहूजी, पहला पानी पड़ने दो, फिर बोना." पहिलं पाणी पडू दे, मग पेर. इथे पाऊस येतो जूनच्या शेवटाला. म्हणजे पेणपेक्षा पेरणी दीड-दोन महिने मागे. मुहूर्त सोडायला आजीचं मन तयार नव्हतं. तिनं तोड काढली ती अशी: अक्षय्य तृतीयेला आळं खणायचं, हळद-कुंकू वाहायचं, तळाशी कुजलेलं शेणखत घालून गोणपाटानं झाकायचं, आणि बी मात्र आषाढात, पहिल्या सरीनंतर टोचायचं. पुढे आईनं तेच केलं, मीही तेच करते. मुहूर्त मातीला आणि बी पावसाला, असं आजी म्हणायची.

जागा न्हाणीघरामागची. मोरीचं पाणी दगडी पन्हळीतून आळ्याशी जायचं, पण आळं पन्हळीपेक्षा वीतभर उंच. कारण घेवड्याला ओल हवी, मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. चार बांबू, त्यावर तुरकाट्या, आणि खालून वर ताणलेल्या दोऱ्या. १९२१ मध्ये इथे सुरू झालेल्या जियाजीराव कॉटन मिलच्या वाया गेलेल्या सुताच्या गुंड्या बाजारात स्वस्त मिळायच्या. तिपेडी पीळ घातला की त्याची दोरी हंगामभर पुरायची.

मी सात-आठ वर्षांची असताना एक कोवळा शेंडा दोरीला सोडून लोंबत होता, तो मी हातानं गुंडाळून दिला. सकाळी बघते तो पुन्हा सुटलेला. परत गुंडाळला, परत सुटला. आजीनं माझं बोट धरून ते दोरीभोवती फिरवलं. "देवाला घालतेस ना प्रदक्षिणा, त्याच्या उलट," ती म्हणाली. तसा गुंडाळला आणि शेंड्यानं दोरी धरली ती धरलीच. वरून पाहिलं तर घेवड्याचा शेंडा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत चढतो, आणि जबरदस्तीनं दुसरीकडे वळवला तर स्वतःला उलगडून घेतो. १८६५ मध्ये चार्ल्स डार्विननं वेलींच्या या फिरण्यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. आजारपणात खोलीत पडून शेंड्यांच्या फेऱ्या तो घड्याळ लावून मोजत असे. विद्यार्थ्यांना तो निबंध शिकवताना मी नेहमी आधी प्रदक्षिणा सांगायची.

खताच्या बाबतीत आजीचा हात आखडता होता. फार घातलं की वेल माजतो, नुसता पाला होतो. त्यामागचं कारण मुळांवरच्या गाठींत आहे. तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन वेलाला पुरवतात, वरून आणखी लागतच नाही. वेल मांडवाला टेकला की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. कोवळ्या डिऱ्यांवर काळा मावा बसला की पहाटे दंव असताना चुलीची राख शिंपडायची, म्हणजे ती चिकटून बसते. मुंग्यांची रांग दिसली की मावा आला असं समजायचं.

आणि मग वाट पाहायची. श्रावण जायचा, गणपती जायचे, मांडव हिरवागार भरायचा, पण फुलाचं नाव नाही. शेजारीण विचारायची, वांझ आहे का तुमचा वेल? आजी शांत. दसऱ्यापर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही, हा तिचा नियम.

या नियमाला शास्त्रात नाव मिळालं ते १९२० मध्ये. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं की काही झाडं दिवसाची लांबी ओळखून फुलतात. आजीच्या घेवड्यासारखी जुनी वाणं दिवस आखडू लागल्याखेरीज कळी धरत नाहीत. केव्हा पेरलं याला त्यांच्या लेखी फारसा अर्थ नसतो. लवकर पेरलेला वेल जास्त पाला करून थांबतो, उशिरा पेरलेला कमी पाला करून थांबतो, आणि दोघे एकाच सुमाराला फुलतात.

म्हणून आमच्याकडे शेंगा दिवाळीपासून. जांभळट कडांच्या, हातात घेतल्यावर थंड लागणाऱ्या. गोडा मसाला, गूळ, ओलं खोबरं मिळालं तर ओलं, नाहीतर सुकं. पौषात कडाका पडला, धुकं आठवडाभर उठलं नाही की फुलं गळायची. माघात ऊन तापलं की पुन्हा बहर. शेवटच्या शेंगा वेलावरच वाळवायच्या, दाणे वाजू लागले की काढायच्या.

२८ मे १९४८ ला मध्यभारत अस्तित्वात आला, संस्थान गेलं, पुढे जहागिऱ्या गेल्या. वाडे भावाभावांत वाटले गेले, रस्त्याकडच्या बाजूला दुकानं निघाली. वाटणीत सर्वांत आधी जातं ते परसू, कारण कागदावर ती मोकळी जागा असते. आमचंही गेलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. विहिरीवर स्लॅब पडला, न्हाणीघराच्या जागी गोदाम झालं.

आता माझा घेवडा तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आहे, रंगाच्या मोठ्या डब्यात. खाली तीन भोकं, त्यावर विटांचे तुकडे, मग माती. पाच वर्षांपूर्वी रस्त्यावर नवा पांढरा दिवा लागला, आणि त्या वर्षी मी जे पाहिलं ते आजीनं कधी पाहिलं नसेल. मांडवाची आतली बाजू दसऱ्याला कळ्यांनी भरली आणि दिव्याकडची बाजू दिवाळी उलटली तरी नुसती हिरवी. वेलाला रात्रच कळली नव्हती. तेव्हापासून भाद्रपद लागला की त्या बाजूला मी गोणपाट टांगते, संध्याकाळी सोडते आणि पहाटे गुंडाळून ठेवते.

आजी गेल्यावर तिच्या पोथीत दोन पोस्टकार्डं निघाली, दोन्ही १९३४ ची. त्या वर्षी नऊ दाण्यांतले सहा उगवले होते, पहिल्या पाण्यावर. एक कार्ड तिच्या आईचं, पेणहून, आश्विन शुद्ध द्वादशीचं. दुसरं तिचं स्वतःचं, लष्करहून त्रयोदशीला पेणला टाकलेलं. पुढे कधीतरी माहेराहून ते तिच्याकडे परत आलं असावं. पेणचा वेल अक्षय्य तृतीयेला पेरलेला, लष्करचा त्यानंतर दीड महिन्यानं. जूनमध्ये ग्वाल्हेरचा दिवस पेणपेक्षा जवळपास अर्ध्या तासानं मोठा असतो. पण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर दोन्हीकडचा दिवस सारखा होतो, बारा तासांचा, आणि तिथून पुढे दोन्हीकडे आखडत जातो. कार्डं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. पत्ता आणि मायना सोडला तर दोन्हींवर पहिली ओळ एकच आहे: घेवड्याला फूल आलं.