मौन चित्रपटाची कसोटी

२ एप्रिल १९६८ रोजीं वॉशिंग्टन येथें स्टॅन्ले क्युब्रिक यांचा '२००१ : ए स्पेस ओडिसी' हा अंतराळविषयक चित्रपट प्रथम दाखविण्यांत आला. आरंभींचीं सुमारें २५ मिनिटें त्यांत एकहि संवाद नाहीं. शेवटाचा उलगडाहि केलेला नाहीं. कथेच्या अपेक्षेनें आलेले कित्येक प्रेक्षक मध्येंच उठून गेले. न्यूयॉर्कच्या अनेक टीकाकारांनीं प्रतिकूल मत दिलें. थोड्याच दिवसांत क्युब्रिक यांनीं सुमारें १९ मिनिटांचा भाग कापला; परंतु संथ गति व मौन सोडलें नाहीं. तरुणवर्ग मात्र पुनःपुन्हां येत राहिला. वडीलधारे जेथें उत्तर शोधीत होते, तेथें तरुणांनीं प्रश्नच आपलासा केला. पहिल्या रात्रीचा निकाल अखेरचा नसतो, हेंच खरें.