दिवसा हिशेब, रात्री रियाज

१/ दिवसा वेबसाइट घडवावी आणि रात्री गावे, ही ओढाताण आज अहमदपूरसारख्या गावातल्या तरुणालाही ठाऊक आहे. तिचा जुना, ठळक दाखला म्हणजे वसंतराव देशपांडे.

२/ जन्म १९२०, मूर्तिजापूर. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात ते कारकून होते. दोन दशकांहून अधिक काळ आकडेमोड आणि गाणे सोबत चालले.

३/ नोकरीने घर सावरले. पण बदलीही तिच्याच हाती होती. थेट नेफापर्यंत जावे लागले, मैफलींचे जग मागे राहिले.

४/ साठच्या दशकात त्यांनी नोकरी सोडली. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. त्यातील खाँसाहेब साकारताना ते ४७ वर्षांचे होते.

५/ यश उशिरा आले. गळा मात्र कारकुनीच्या वर्षांतही घडतच होता.