कुणीही उतरवून घ्यावं असं आभाळ

१९ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान संस्थेने नोआ-१५ हा उपग्रह कायमचा बंद केला. मे १९९८ मध्ये सोडलेला हा उपग्रह सत्तावीस वर्षं पृथ्वीभोवती फिरला. जूनमध्ये नोआ-१८ आणि ऑगस्टमध्येच काही दिवस आधी नोआ-१९ बंद झाले होते. या तिघांबरोबर एपीटी, म्हणजे आपोआप चित्रं पाठवण्याची पद्धत संपली. डिसेंबर १९६३ पासून ती चालत आली होती. उपग्रहाने ढगांचं चित्र काढायचं आणि काढता काढताच, खाली जो कोणी ऐकत असेल त्याच्या हाती ते देऊन टाकायचं, अशी ती रीत. रत्नागिरीत भौतिकशास्त्र शिकवताना मी ही चित्रं वर्षानुवर्षं उतरवली, मुलामुलींना उतरवायला शिकवली. या पद्धतीचा इतिहास मराठीत लिहिला जावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचा एक धागा थेट आपल्या कुलाब्याला येऊन मिळतो.

हा शोध आमच्या किनाऱ्याला किती मोलाचा होता हे समजायचं तर त्याआधीचा हवामानाचा नकाशा डोळ्यांसमोर आणायला हवा. भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. ठिकठिकाणच्या केंद्रांवर वायुभार, तापमान, वारा, पाऊस मोजायचा, आकड्यांचे सांकेतिक गट करायचे आणि तारेने पाठवायचे, हा रोजचा क्रम. नकाशावर जमिनीचा भाग या आकड्यांनी भरून जाई. पण कोकणातलं हवामान येतं पश्चिमेकडून, समुद्रावरून. तिथे निरीक्षण करणार कोण? तर वाटेने जाणारी जहाजं. पावसाळ्यात आमच्या होड्या तर नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या. म्हणजे ज्या महिन्यांत अरबी समुद्राची खबर सर्वांत जास्त हवी, त्याच महिन्यांत नकाशाची डावी बाजू जवळजवळ कोरी राहायची.

१ एप्रिल १९६० रोजी टायरॉस-१ हा पहिला हवामान उपग्रह गेला आणि समुद्रावरचे ढग प्रथमच वरून दिसले. पण तो चित्रं टेपवर साठवायचा आणि ठरावीक भूकेंद्रांच्या टापूत आला की तिथे उतरवायचा. तिथले लोक चित्र बघून ढगांचे नकाशे हाताने काढत आणि मग ते इतर देशांना पाठवत. मुंबईला आपल्याच डोक्यावरच्या ढगांची बातमी अशी फिरून, शिळी होऊन मिळायची.

यावर अमेरिकेतल्या गोडार्ड अंतराळ केंद्रात तोडगा निघाला. रुडॉल्फ स्टॅम्फ्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम संथ चालणारा कॅमेरा तयार केला. त्याच्या नळीवर उमटलेलं चित्र टिकून राही आणि ८०० ओळींचं ते चित्र सुमारे २०० सेकंदांत सावकाश वाचलं जाई. इतक्या संथ चित्राला रेडिओची अगदी अरुंद पट्टी पुरते. पट्टी अरुंद असली की साधा अँटेना, साधा एफएम रिसीव्हर आणि तारखात्यात किंवा वर्तमानपत्रांत तेव्हा वापरत तसलं चित्र छापणारं यंत्र एवढ्यावर काम भागतं. २१ डिसेंबर १९६३ रोजी सुटलेल्या टायरॉस-८ वर हा कॅमेरा प्रथम बसला. कोणत्याही देशाला आपल्या साधनांनी आपलं आभाळ बघता यावं, या हेतूने संथपणा पत्करला गेला. या निर्णयाबद्दल मला आजही आदर वाटतो.

तो काळ आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा. अनेक देशांची संशोधन जहाजं आपल्या समुद्रात फिरत होती आणि त्यांच्या हवामानविषयक कामासाठी मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडलं होतं. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज या कामाचे सूत्रधार. कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांचा कारभार पाहिलेले प्रा. पी. आर. पिशारोटी हे त्यातलं दुसरं मोठं नाव. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक. या केंद्रात आयबीएम १६२० हा संगणक आला आणि एपीटीची चित्रं उतरवणारा संचही आला. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेल्या वेधशाळेच्या आवारात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या वायुभारमापकाचे आकडे वहीत उतरवले गेले, तिथे आता अरबी समुद्रावरचे ढग कागदावर ओळीओळीने उमटू लागले. नकाशाची कोरी बाजू भरायला सुरुवात झाली ती अशी.

२८ फेब्रुवारी १९६६ रोजी एस्सा-२ गेला आणि एपीटी रोजच्या वापरात आली. मग ती सरकारी इमारतींतून बाहेर पडली. १९६८ साली नासाने चार्ल्स व्हर्मिलियन यांची एक पुस्तिका काढली. एपीटीचं भूकेंद्र थोडक्या खर्चात कसं उभारावं, याची ती सविस्तर कृती होती. शाळांनी, कॉलेजांनी, हौशी रेडिओवाल्यांनी आपापले संच बांधले. कुणी वर्तमानपत्राच्या कचेरीतून निघालेलं चित्रयंत्र आणलं, कुणी ऑसिलोस्कोपच्या पडद्यासमोर कॅमेरा उघडा ठेवून एकेक ओळ फिल्मवर साठवली.

१९७२ च्या नोआ-२ पासून कॅमेऱ्याची जागा सतत झाडत जाणाऱ्या संवेदकाने घेतली आणि १९७८ च्या टायरॉस-एन पासून चित्राचा जो साचा ठरला तो शेवटपर्यंत टिकला. दर सेकंदाला दोन ओळी. प्रत्येक ओळीत दोन चित्रं शेजारी शेजारी: दिवसा बहुधा एक उजेडातलं आणि एक अवरक्त, रात्री दोन्ही अवरक्त. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला १०४० हर्ट्‌झचे सात ठोके, ओळ कुठे सुरू झाली ते सांगणारे. हे सगळं २४०० हर्ट्‌झच्या सुरावर चढवलेलं. स्पीकर लावला तर जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. म्हणजे चित्र चक्क ध्वनी होऊनच खाली येत होतं. घरोघरच्या संगणकांत साउंड कार्ड आलं तेव्हा मोठाली यंत्रं बाजूला पडली आणि त्यांचं काम सॉफ्टवेअरने उचललं. क्रेग अँडरसन यांचं डब्ल्यूएक्स-टू-इमेज हे त्यातलं सर्वांत लाडकं. २०१२ साली लोकांच्या लक्षात आलं की डिजिटल टीव्हीसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त डोंगलमधली चिप रेडिओच्या कच्च्या लहरी जशाच्या तशा संगणकाला देऊ शकते. मग रिसीव्हरसुद्धा सॉफ्टवेअरच झाला.

आमच्या मुलांनी संच उभारला तो या टप्प्यावर. दूरदर्शनच्या जुन्या अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून साधारण त्रेपन्न सेंटिमीटरचे दोन दांडे केले, ते व्ही आकारात आडवे बसवले. ही लांबी १३७ मेगाहर्ट्‌झसाठी, कारण तिन्ही नोआ त्या पट्टीत बोलत. संगणकात आधी डोंगलचा ड्रायव्हर. मग उपग्रहाच्या कक्षेचे ताजे आकडे, म्हणजे कुठला पास (उपग्रहाची आपल्यावरून जाणारी फेरी) किती वाजता आणि किती उंचीवरून ते कळतं. संगणकाचं घड्याळ बिनचूक लावायचं. एफएमची रुंदी चाळीस किलोहर्ट्‌झच्या आसपास ठेवायची. नेहमीच्या वॉकीटॉकीची रुंदी ठेवली तर चित्राचे उजळ भाग फाटतात. उपग्रह जवळ येताना सूर थोडा चढा लागतो, लांब जाताना उतरतो. डॉप्लर परिणाम मी फळ्यावर कितीदा शिकवला असेल, पण तो मुलांना खरा पटला तो पडद्यावरची सिग्नलची रेघ डोळ्यांदेखत सरकताना. साउंड कार्डाची गती किंचित चुकली की सगळं चित्र तिरकं येतं आणि सरळ उभा पश्चिम किनारा कलंडलेला दिसतो. तो आकडा सुधारला की कोकण जागेवर येतं. दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या पासचं चित्र उलटं उतरतं, ते सॉफ्टवेअर फिरवून देतं. कडेच्या करड्या पट्ट्यांवरून ढगांच्या माथ्याचं तापमान काढता येतं.

१६ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून वर सरकत होतं. आमच्याकडे वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. लॅपटॉपमध्ये थोडी बॅटरी होती. संध्याकाळच्या पासला मी दाराजवळ बसून अँटेना हातातच धरला. आधी नुसती खरखर, मग टिकटिक. चित्र दक्षिणेकडून उलगडू लागलं: मालदीवचा समुद्र, केरळचा किनारा आणि मग ढगांचा तो प्रचंड भोवरा, केंद्र आमच्या नैर्ऋत्येला. शेजारचे भाई आले होते. त्यांची बोट मिरकरवाडा बंदरात बांधलेली.

‘‘बाई, हे कधीचं?’’

‘‘आत्ताचं, भाई. तो अजून डोक्यावरच आहे.’’

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे रात्री आपल्याकडे. दोर दुप्पट करून येतो.’’ आणि गेले. हवामान खात्याचा इशारा त्यांना आधीच मिळाला होता आणि खात्याचं काम हजार साधनांनी चालतं. माझ्या एका चित्राने त्यात भर पडली नाही. पण तारा तुटलेल्या त्या संध्याकाळी एका बोटवाल्याने वादळ स्वतः पाहिलं आणि स्वतः ठरवलं. एपीटी ज्यांनी आखली त्यांना हेच हवं होतं.

आज माहिती कमी झालेली नाही. १९८३ च्या इन्सॅट-१बी पासून आपल्या देशाचे स्वतःचे डोळे आकाशात आहेत आणि इन्सॅटची चित्रं आता कुणालाही फोनवर दिसतात. पण ती केंद्रातून प्रक्रिया होऊन, इंटरनेटच्या वाटेने येतात; वादळात सर्वांत आधी तुटते ती हीच वाट. रशियाचे मेटेओर उपग्रह १३७ मेगाहर्ट्‌झवर अजून थेट चित्रं पाठवतात, डिजिटल पद्धतीने, आणि सॅटडंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती उतरवता येतात. आमची मुलं आता तेच करतात. अँटेना तोच आहे.

माझं मागणं आपल्या देशाकडे आहे. आपण हवामानाचे उपग्रह बांधतो, सोडतो, चालवतो. त्यांतल्या एखाद्यावर असा एक संथ, उघडा प्रक्षेपक बसवावा, ज्याचं चित्र गावच्या शाळेला दोन दांड्यांवर आणि जुन्या लॅपटॉपवर घेता येईल. सोबत त्याची कृती मराठीत आणि देशातल्या इतर भाषांत छापावी, १९६८ च्या त्या पुस्तिकेसारखी. साठ वर्षांपूर्वी परक्या देशाने कुलाब्याला आपलं आभाळ उघडून दिलं. मिरकरवाड्याला, देवगडला, हर्णैला ते उघडून देणं आता आपलं काम आहे.