कहाण्यांना चेहरे देणारे कलाशिक्षक: म. वि. धुरंधर

१/८
श्रावणात पेण-रोह्यापासून विदर्भापर्यंत घरोघरी कहाण्या वाचल्या जातात: आदित्यराणूबाईची, नागोबाची, दिव्यांच्या अवसेची. या कहाण्यांचा इंग्रजी अवतार १९१४ साली लंडनच्या मॅकमिलनने प्रसिद्ध केला. सी. ए. किंकेड यांच्या या 'डेक्कन नर्सरी टेल्स'मधील चित्रे मुंबईच्या एका कलाशिक्षकाची होती. त्यांच्याविषयी हा थ्रेड.

२/८
महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८९६ मध्ये तेथेच शिक्षक झाले.

३/८
कलाशाळेचे शिक्षण ब्रिटिश वळणाचे होते. हुबेहूब रेखाटन आणि शरीररचनेचा अभ्यास यांवर भर असे. धुरंधरांनी तीच शिस्त नऊवारीच्या निऱ्या, नथी, पगड्या आणि बाजारातील गर्दी टिपण्यासाठी वापरली.

४/८
त्यांची चित्रे केवळ प्रदर्शनांत अडकून राहिली नाहीत. पोस्टकार्डांवर मुंबईची नमुनेदार माणसे अवतरली. १९१२ साली एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे'ला त्यांच्या चित्रांची जोड मिळाली.

५/८
कहाण्या रंगवणे मात्र अधिक अवघड होते. कहाणीत 'आटपाट नगर' असते, पण त्याचा पत्ता नसतो. राजा असतो, पण बहुधा त्याला नाव नसते. ऐकणारा हवा तसा चेहरा कल्पितो. चित्रकाराला ती मुभा नाही. त्याला राणीचे लुगडे, वाड्याचा खांब, म्हातारीच्या पाठीचा बाक, सारे ठरवावेच लागते. शिवाय संपूर्ण कथेतून नेमका एक क्षण निवडावा लागतो.

६/८
याच वर्तुळात आजचा रायगड, म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा, भेटतो. तेथील कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांनी सासवणे गावच्या मंदिराच्या भिंतीवर एका मुलाने काढलेले शिवरायांचे चित्र पाहिले आणि त्याला जे. जे.ची वाट दाखवली. तो मुलगा म्हणजे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. त्या काळी धुरंधर तेथेच शिकवीत होते. पुढे रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' या ग्रंथाची चित्रेही धुरंधरांनीच काढली.

७/८
कलाशाळेची सर्वोच्च खुर्ची इंग्रजांकडेच असे. १९३० साली संचालकपदाची सूत्रे सांभाळणारे धुरंधर हे पहिले भारतीय. पण ३१ जानेवारी १९३१ रोजी ते निवृत्तही झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन त्या काळाचा मोलाचा दस्तऐवज आहे. १९४४ साली त्यांचे निधन झाले.

८/८
पुढे आधुनिकतावाद्यांना अशी कथनपर चित्रे जुनाट वाटली. तरीही गोष्ट चित्रातून सांगण्याची गरज सरली नाही. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'मधील 'कृष्ण' राम वाईरकरांनी चितारला, तेव्हा त्यांच्यापुढेही जुनाच प्रश्न होता: ऐकलेल्या गोष्टीतील माणसे दिसतात कशी? फरक एवढाच, की धुरंधरांना एका कथेसाठी मोजकीच चित्रे मिळत; कॉमिक्सच्या चित्रकाराला पानोपानी चौकटी मिळाल्या.
#मराठी #इतिहास #थ्रेड