कूलर (पोकर)

कूलर : पोकरच्या एकाच डावात दोघांना अतिशय भारी पाने पडणे आणि त्यांपैकी जरा उणी पाने असलेल्याने मोठी रक्कम हरणे. हरणाऱ्याची यात बहुधा चूक नसते. पाने साधारण असती तर त्याने ती वेळीच टाकली असती. ती भारी होती म्हणूनच तो शेवटपर्यंत पैसे लावत गेला. पत्त्यांतल्या ठकांना हे फार पूर्वी उमगले होते. लावून ठेवलेला कॅट मध्येच बदलून ते सावजाला मुद्दाम उत्तम पाने वाटत आणि साथीदाराला त्याहून एक पायरी वरची. हाताळून गरम न झालेला, म्हणून ‘थंड’ असा तो कॅट. हे नाव त्यावरूनच आले.

कूलर आणि बॅड बीट या दोन गोष्टींची गल्लत होते. बॅड बीटमध्ये पैसे लावताना आपण पुढे असतो आणि नंतरचे एखादे पान घात करते. कूलरमध्ये आपण पैसे लावतानाच मागे असतो, पण तसे मानायला काही कारण नसते.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारातले नेहमीचे उदाहरण म्हणजे राजांच्या जोडीसमोर एक्क्यांची जोडी. राजांची जोडी सरासरी २२१ डावांतून एकदा येते. ती हातात असताना ठरावीक एका प्रतिस्पर्ध्याकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता २०४ त एक. नऊ जणांच्या टेबलावर आठांपैकी कोणाकडे तरी ती असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. एवढ्या भीतीने राजे टाकणारा कायम तोट्यात राहील. २०१६ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत विल्यम कासूफ राजांची जोडी घेऊन ग्रिफिन बेंजरच्या एक्क्यांवर आदळला आणि १७ व्या स्थानावर बाहेर पडला.

होल्डेममध्ये असे प्रसंग वारंवार का येतात, हे तीन पत्तीशी तुलना केल्यावर स्पष्ट होते. तीन पत्तीत प्रत्येकाची पाने स्वतंत्र. आपल्या हाती ट्रेल (तीन सारखी पाने) असेल तर समोरच्या एकाकडेही ट्रेल असण्याची शक्यता सुमारे ३८४ त एक. होल्डेममध्ये मात्र टेबलावरची पाच पाने सर्वांची असतात. एकच पान दोघांनाही एकदम वर उचलते.

‘हाय स्टेक्स पोकर’ या दूरचित्रवाणी मालिकेत २००६ साली गस हॅन्सन आणि डॅनियल नेग्रानू यांच्यात झालेला डाव याचा सर्वोत्तम नमुना आहे. हॅन्सनकडे पंजींची जोडी, नेग्रानूकडे छक्कींची. टेबलावर पहिली तीन पाने नव्वी, छक्की, पंजी : दोघांनाही तीन-तीन सारखी, नेग्रानू वरचढ. चौथे पान पंजी. कॅटात उरलेली ती एकमेव पंजी होती. तिने नेग्रानूला फुल हाउस दिला आणि हॅन्सनला चार पंज्या. पाचवे पान अठ्ठी. नेग्रानूच्या जागी बसून पाहावे : त्याला न दिसणाऱ्या ४५ पानांतून दोन पानांच्या ९९० जोड्या होतात आणि त्यांतल्या फक्त सात त्याला हरवतात (नव्वींच्या तीन, अठ्ठींच्या तीन, पंजींची एक). हॅन्सनने सर्व पैसे लावले, नेग्रानूने ते पाहिले आणि ५,७५,७०० डॉलरचा पॉट हॅन्सनकडे गेला. समोरच्याची पाने ताडणारा नेग्रानूसारखा खेळाडू तिथे थांबला नाही, यात त्याचा दोष मानता येत नाही.

२०१७ च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत व्हेनेसा सेल्बस्टचा एक्क्यांचा फुल हाउस गाएल बोमनच्या चार सत्त्यांपुढे पडला. २००८ च्या मुख्य स्पर्धेत तर मोतोयुकी माबुचीचे चार एक्के जस्टिन फिलिप्सच्या चौकटच्या रॉयल फ्लशपुढे हरले. शेवटी आलेल्या चौकटच्या एक्क्यानेच दोघांची पाने पूर्ण केली. ‘द सिनसिनाटी किड’ (१९६५) या चित्रपटाचा शेवटचा डावही फुल हाउस विरुद्ध स्ट्रेट फ्लश असाच आहे.

प्रत्येक मोठी हार मात्र कूलर नव्हे. टेबलावर किती पैसे आहेत यावर ते ठरते. जवळ २० बिग ब्लाइंड (पाने पाहण्याआधी लावावी लागणारी सक्तीची रक्कम) असताना राजांवर सर्व लावून हरणे हा कूलर. ३०० बिग ब्लाइंड असताना, समोरचा अत्यंत सावध खेळाडू पुन्हा पुन्हा वाढवत असेल आणि तरीही राजे धरून सर्व पैसे लावले, तर त्या हारीतला बराच भाग निर्णयाचा असतो. अशा वेळी चांगला खेळाडू डाव हरतोच, पण पूर्ण रक्कम न घालवता.