दुर्बिणीचं कूळ

आष्ट्यात ‘घरी दुर्बीण आणलीय’ म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या मनात आधी ऑपरेशन येतं. दुर्बिणीचं ऑपरेशन दवाखान्यांनी घराघरांत पोचवलं. शनीची कडी त्यामानानं फारच थोड्या घरांत पोचली. शब्द मात्र जुना, फारसीतला. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. तमाशबीनमधला बीन तोच. मराठीनं ‘न’चा ‘ण’ करून तो घरात घेतला. मागून ‘दूरदर्शक’ आला, पण तो पाठ्यपुस्तकातच राहिला.

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. या वस्तूच्या कुळात एक संन्यासी आहे, तरीही विचारू.

मूळपुरुष चष्मेवाला. नेदरलंड्समधल्या मिडलबर्गच्या हान्स लिपरशेनं १६०८ साली दोन भिंगांच्या नळीसाठी पेटंट मागितलं. ते मिळालं नाही. तसल्याच नळीतून १६१० मध्ये गॅलिलिओनं शनी पाहिला, तर त्याला तीन गोळे शेजारी शेजारी दिसले. ती कडी आहे हे हायगेन्सनं १६५९ साली पुस्तक लिहून सांगितलं. आज सहा इंची दुर्बिणीला डोळा लावलेलं शाळकरी पोर ‘अय्या, खरंच कडी!’ म्हणून मोकळं होतं. न्यूटननं १६६८ मध्ये पुढच्या भिंगाऐवजी आरसा वापरला, आणि अंगणातल्या बहुतेक स्वस्त मोठ्या दुर्बिणी त्याच वळणाच्या आहेत. आपल्या देशात जेरेमाया शेकर्ली या इंग्रजानं १६५१ मध्येच सुरतेला दुर्बिणीतून सूर्यावरून सरकणारा बुध पाहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला यांच्या हाताखाली २० इंची आरशाची दुर्बीण होती, तेव्हा देशात सर्वांत मोठी. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात निघाली ती १९४४ साली.

त्याच १९४४ मध्ये जॉन डॉब्सन नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेच्या मठात दाखल झाला. मठात राहून त्याला आकाश बघायचा नाद लागला. पैसा जवळ नाही, म्हणून जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा केला, पुठ्ठ्याची नळी घेतली, आणि खाली लाकडी पेटी ठेवली. ती डावी-उजवीकडे फिरते, नळी वर-खाली होते. तोफेच्या गाड्यासारखंच काम. रात्री मठाबाहेर जाऊन तो पोरांना चंद्र दाखवी. १९६७ मध्ये मठानं त्याला काढलं. मग पुढच्याच वर्षी त्यानं फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ग्रह दाखवणाऱ्यांची मंडळी उभी केली. त्या पेटीचं पेटंट त्यानं कधी घेतलं नाही. नवशिक्यानं पहिली दुर्बीण कोणती घ्यावी, याला आज जगभर मिळणारं उत्तर म्हणजे ‘डॉब्सोनियन’. मला तरी न्यूटनपेक्षा हा संन्यासी अधिक जवळचा वाटतो.

फोटोचं घराणं वेगळंच. या पेटीला मोटर नसते. पृथ्वी फिरते, त्यामुळं सव्वाशेपट मोठा करून पाहताना गुरू दीडेक मिनिटात चौकटीबाहेर जातो आणि नळी पुन्हा ढकलावी लागते. त्यात हवा थरथरते. तव्यावरच्या वाफेपलीकडचं जसं दिसतं तसा ग्रह दिसतो. एका फोटोत काही गावत नाही. पण थरथर अधूनमधून क्षणभर थांबते, आणि असा क्षण हाती लागण्याची शक्यता किती, हा हिशेब डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये मांडला. अंगणात तो उतरला २००० च्या सुमारास, तोही कॉम्प्युटरवर गप्पा मारायच्या फिलिप्सच्या वेबकॅममुळं. व्हिडिओ घ्यायचा, हजारो फ्रेममधल्या नेमक्या स्थिर तेवढ्या निवडायच्या, एकावर एक रचायच्या. ते काम कोर बेरेव्हुट्स यांच्या ‘रजिस्टॅक्स’ या फुकट प्रोग्रॅमनं सोपं केलं. फिलिप्स आणि बेरेव्हुट्स दोघेही नेदरलंड्सचे, म्हणजे लिपरशेचे गाववालेच म्हणायचे. आता आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल अडकवून तेच करतात. मात्र व्हिडिओ दोन-तीन मिनिटांतच आटोपायचा. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळं लांबवला की पट्ट्यांवरचे डाग फरफटतात.

आष्ट्याला यात दोन अडचणी आणि एक वरदान. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ऊब सोडतो, म्हणून गच्चीपेक्षा मातीचं अंगण बरं. भोवती ऊस, त्यामुळं पहाटे दव. पाचट पेटवलं असेल तर धूरही. वरदान अक्षांशाचं. १७ अंशांवर असल्यानं काही वर्षी ग्रह जवळजवळ डोक्यावर येतात, हवेचा सगळ्यात पातळ थर मधे. लंडनवाल्याला काही वर्षी गुरू छपरांच्या रांगेवर जेमतेम १५ अंश मिळतो. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला तो मिथुनेत होता; मध्यरात्रीच्या सुमारास आष्ट्यात माथ्यापासून पाच-सहा अंशांवर आला.

नेमकी तिथंच संन्याशाची पेटी अडते. नळी उभी झाली की डावी-उजवीकडे ढकलण्याला अर्थ उरत नाही; हात भलतीकडे, गुरू भलतीकडे. सॅन फ्रान्सिस्कोला गुरू इतका वर येतच नाही, म्हणून डॉब्सनला गुरूसाठी हा पेच पडला नसेल. आष्ट्यात मात्र अशा वेळी अर्धा तास थांबतात, चहा टाकतात, आणि तो जरा पश्चिमेला कलला की पुन्हा मोबाइल लावतात.