सीतेचं स्वयंवर, सीतेची आसवं

शनिवारी सांगलीत नाटक आणि रविवारी साताऱ्याजवळचं कासचं पठार, असा बेत भाद्रपदात मी अनेकदा केला आहे. दोन्ही ठिकाणी मला सीता भेटते. आमच्या घरात रामायणाची पोथी नव्हती. सीता माझ्यापर्यंत आली ती जात्यावरच्या ओव्यांतून, म्हणजे मराठी भाषेतूनच.

१८४२ साली सांगलीत कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ करून गेली. तसा खेळ मराठीत व्हावा, असं संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं. त्यांनी ते काम विष्णुदास भाव्यांवर सोपवलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगलं. सूत्रधार पदं म्हणे, पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी रचत आणि सीताही पुरुषच होई. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि राजाश्रय आटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगावची वाट धरली. १८५३ मध्ये ते मुंबईत पोचले आणि तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांनी त्यांचं नाटक जगवलं. ५ नोव्हेंबर हा दिवस आज आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरचं कास म्हणजे निसर्गाचं उघडं संग्रहालय. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश केला. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर. त्यात सकस असं फारसं काही नाही. तरीही पाऊस सरता सरता पठार फुलांनी भरून जातं. इथल्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. आणि निळसर जांभळ्या इवल्या फुलांची जी चादर पसरते, तिला लोक म्हणतात ‘सीतेची आसवं’. नाव हळवं, पण वनस्पती मांसाहारी! तिच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवीचं झाकण उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. मातीतून न मिळणारं पोषण ती असं मिळवते.

भाव्यांचं नाटक राजामागं प्रेक्षकांनी सांभाळलं. कासचं भवितव्यही आता येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांवरच आहे. नाटकाचा एखादा प्रयोग पडला तर दुसरा लावता येतो. बी धरण्याआधी तुडवलेलं रोप मात्र पुढच्या पावसात उगवत नाही. तेव्हा कासला जरूर जा. फक्त ठरलेली पायवाट सोडू नका.